वॉरनचं ‘तू’

“तू कोण ठरवणारा?” सायकालने विचारलं, आणि अंगणातल्या पुरुषांच्या हातातले चहाचे वाडगे तिथेच थांबले.

गावप्रमुख अस्कारबेक तिच्या बापाच्या वयाचा. किर्गीझ मुलगी अशा माणसाला ‘तुम्ही’च म्हणते, भांडतानासुद्धा.

“पोरी, तोंड सांभाळ. बाप गेलाय म्हणून ऐकून घेतोय.”

“घे ऐकून. बाबांना आईशेजारीच ठेवायचं. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर नाही.”

“अगं, माणूस वाईट नव्हता. पण अमेरिकन. नमाज नाही, काही नाही. मौलवी नको म्हणतात. बाहेरची जागाही चांगलीय की. सरोवर दिसतं तिथनं.”

“मग ती तुझ्यासाठी राखून ठेव.”

कोणीतरी खोकल्यात हसू दडवलं.

सायकालचा बाप वॉरन या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला होता. दोन वर्षांनी परतायचं होतं. गुलसुनशी लग्न करून तो राहिला तो राहिलाच. भाषा शिकला, पण उफराटी. मेंढपाळ तोक्तोसुनला ‘तुम्ही’ आणि जिल्ह्याच्या साहेबाला ‘तू’. आधी ती चूक होती. त्याच्या भाषेत दोघांना मिळून एकच शब्द. गुलसुनने लाजेने लाल होत फरक समजावला, तेव्हा तो म्हणाला, “कळलं. पण साहेबाला ‘तुम्ही’ म्हणणारे पुष्कळ आहेत. तोक्तोसुनला कचेरीत कोण म्हणतं?” त्यानंतर तो मुद्दाम तसंच बोलत राहिला.

चहाला बसला की जगाची उलटतपासणी सुरू व्हायची. “आमच्याकडं सगळ्यांना एकच शब्द, म्हणून आम्हाला वाटतं आम्ही सारखे. खोटंय. आम्ही माणसाची गाडी बघतो आणि मनातल्या मनात ‘तू’ म्हणतो.” मग किर्गीझांची पाळी. “तुम्ही राष्ट्राध्यक्षाला पळवून लावता, आणि दुसऱ्या दिवशी नव्याच्या पुढ्यात मानाचं म्हणून मेंढीचं डोकं वाढता.”

“आणि तुमच्यात रे?” तोक्तोसुन विचारायचा.

“आमच्यात चार वर्षं टीव्हीला शिव्या घालतात. मग रांग लावून तसलाच दुसरा आणतात.”

आता तो, रिवाजाप्रमाणे माती देईपर्यंत, घरापुढे उभारलेल्या लोकरी नमद्याच्या तंबूत निजला होता.

“उद्या दुपारपर्यंत माती द्यायला हवी,” अस्कारबेक म्हणाला. “हट्ट सोड.”

“आईशेजारी जागा मिळेपर्यंत तंबू उतरणार नाही. थंडी आहे. थांबतील बाबा.”

“गावातलं कोणी खणायला येणार नाही. एकटी खणशील?”

“खणीन.”

“बायका तिथं जात नाहीत.”

“मग या बघायला सगळे.”

भिंतीशी बसलेला तोक्तोसुन गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याने वाडगा पालथा घातला, गोठ्याच्या दारामागची कुदळ काढली.

“कुठं निघालास?” अस्कारबेकने विचारलं.

“गुलसुनच्या शेजारी. जमीन गोठलीय, वेळ लागेल.”

“मौलवींना काय सांगू?”

“तोक्तोसुन खणतोय म्हणून सांग.”

तो फाटकाबाहेर पडला. त्याच्यामागे शाळेचा शिपाई गेला, मग शेजारचे दोघे भाऊ पहार घेऊन. अस्कारबेकने त्यांना अडवलं नाही. वाडग्यातला गार चहा त्याने जमिनीवर ओतला.

“उंच होता तो,” त्यांच्या पाठीकडे बघत तो ओरडला. “जरा लांब खणा.”

सायकाल तंबूत शिरली. आत बायका वाट बघत होत्या. मुलीने तंबूच्या लाकडी जाळीच्या भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून बापाचं शोकगीत म्हणायचं असतं. त्यात बाप तेज घोड्यावरचा वीर असतो, मोठ्या कळपांचा धनी असतो. वॉरनकडे कळप नव्हता.

तिने सूर लावला. “घोड्यावरून पडणारे माझे बाबा…”

शेजारच्या बातमाचा सूर अडखळला. “अगं, असं नाही म्हणत.”

सायकालने तीच ओळ पुन्हा म्हटली, अधिक मोठ्याने. बाहेर, कबरस्तानाच्या टेकडीच्या बाजूने, गोठलेल्या मातीवर लोखंड वाजू लागलं होतं.

बातमाने नाक पुसलं, भिंतीकडे तोंड वळवलं आणि पुढची ओळ उचलली. “पडून हसणारे तिचे बाबा…”