उभ्या पिकाची शप्पथ

माजी सून करिष्मा ठाण्याची. पेपरची पुरवणी वाचते आणि मंग आमाला शिकवते. एक दिवस वाफ्याच्या कडेला उभी राहून म्हणते, "आई, मुलांबरोबर बागकाम केलं की त्यांची एकाग्रता वाढते. भूक सुधारते, संयम येतो. तुम्ही फार छान करताय."

छान करताय म्हणे! अगं भवाने, मी माजी चार पोरं ह्याच मातीत ढोरासारखी राबवली, तवा कुणाला फायदे दिसले न्हाईत. आणि आताही मी नातवंडांच्या एकाग्रतेसाठी चिखलात बसलेली न्हाय. तुज्या नवऱ्याचा डंपर अडवायला बसलीय.

काल्हेरातली आमची सगळी शेती गोडाऊनखाली गेली. घरामागं हा एवढासा तुकडा उरला, तर माज्या लेकाला, दीपेशला, तिथं ट्रक वळवायला जागा पायजे. मुरूम टाकून सपाट करायचं म्हणाला. मी म्हटलं, माज्या मढ्यावरनं ने तुजा डंपर. त्यानं जेवणाचं ताट भिरकावलं, मी तांब्या भिरकावला. सगळी आळी दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी त्यानं बाजूला उभ्या असलेल्या आपल्या पोरीच्या, उन्नतीच्या, डोक्यावर हात ठेवला.

"हिची शप्पथ! पीक उभं हाय तवर डंपर आणत न्हाय. पीक निघालं की मंग तू एक शब्द बोलायचा न्हाय."

तवा वाफ्यात नुसता वाल होता. त्याला वाटलं, वाल आज न उद्या निघेल. मेल्याला एवढं कळलं न्हाय की पीक कधी निघू द्यायचं ते माज्या हातात हाय.

दुसऱ्या दिवसापासनं उन्नती आणि धाकटा देवेश, दोघांना कामाला जुंपलं. माजे गुडघे वाकत न्हाईत, त्यांचे वाकतात. शिकवण एकच, रिकामी जागा दिसली की बी टाकायचं. वालाच्या मधी मुळा. मुळा उपटला की त्याच भोकात लाल माठ. देवेशनं पाणी तुंबवलं की पाठीत धपाटा. उन्नतीनं बी खोल पुरलं की सगळं उकरून परत. रडली तर रडली. करिष्मानं पोरांसाठी गुलाबी झारी आणली, ती मी मोरीत नेऊन ठेवली. पोरं आता माठाची भाजी ताट पुसून खायला लागली होती, पण ते मी सुनेला सांगितलं न्हाय. उगाच डोक्यावर बसली असती.

वाल निघाला, वाफा हिरवाच. दीपेश रोज सकाळी तोंडात ब्रश घालून बघायला यायचा आणि थुंकून जायचा.

मंग एकदम करिष्माच्या जिभेवर साखर आली. "आई, तुमचे गुडघे बघवत नाहीत हो. अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडात चार दिवस अंघोळी करून या. पुतळामावशींना घेऊन जा." पुतळा माजी बहीण, ती एका पायावर तयार. मला वाटलं, सुनेला माजी कीव आली. गेले मी, बिनडोक!

परत येऊन रिक्षातनं उतरते तर दारात डंपर. मुरुमानं भरलेला, इंजिन चालू. तशीच लंगडत मागं गेले. वाफा बोडका! मुळा, माठ, मेलं मिरचीचं झाडसुद्धा ठेवलं न्हाय. मी गेले त्याच दिवशी बाया लावून सगळं मुळासकट उपटलं होतं. डंपरवाला दुसऱ्या कामात अडकला म्हणून माती तरी दिसत होती.

दीपेश कमरेवर हात ठेवून उभा. "आये, पीक निघालं. आता गप राहायचं."

करिष्मा मागच्या दारात, मान खाली. "तुज्या संयमाला आग लागो," मी तिला म्हटलं. पण शप्पथ सुटली होती आणि माज्याकडं दुसरं काय बी नव्हतं.

"सेठ, खाली करूँ क्या?" ड्रायव्हर ओरडला.

तेवढ्यात उन्नती शाळेच्या कपड्यातच वाफ्यात शिरली आणि उकिडवी बसली. "पप्पा, इकडं बघा."

मी वाकून बघितलं. मला म्हातारीला लांबनं दिसलंच नव्हतं. मेथी! वाफाभर मेथीचे कोंब, काहींच्या डोक्यावर अजून दाण्याचं टरफल. बाया गेल्यावर पोरीनं आईच्या मसाल्याच्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवली आणि सकाळी देवेशला घेऊन पेरली. ओळी सरळ, माती वर हलकी.

दीपेश हसला. "हे पीक हाय? हे कोंब हायत. ए, खाली कर रे!"

उन्नती उठली. मातीच्या हातानं तिनं बापाचं मनगट धरलं आणि त्याचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला.

"आता बोला," ती म्हणाली. "हे पीक न्हाय, असं बोला."

दीपेशनं हात काढायला बघितला. पोरीनं सोडला न्हाय. त्यानं तोंड उघडलं, तशी करिष्मा दारातनं किंचाळली, "अहो, नको! काही बोलू नका!"

दीपेशचा चेहरा उतरला. हात हिसडून त्यानं ड्रायव्हरला शिव्या घातल्या, डंपर मागं घ्यायला लावला. जाताना माज्याकडं बघून म्हणाला, "तूच शिकवलंस हिला."

"मी मेथी पेरायला शिकवली. बाकी ती तुज्यावर गेलीय."

डंपर गेला तशी करिष्मा रडत माज्या अंगावर धावून आली. "काय करून ठेवलंत माझ्या पोरीचं? अशी नव्हती हो ती! किती हट्टी झालीय!"

"मंग कळव तुज्या पुरवणीवाल्यांना," मी म्हटलं. "हा फायदा लिहायचा राहिलाय त्यांचा."

उन्नतीचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती वाफ्याच्या कडेला बसली होती. "आजी, इथं जागा रिकामी हाय."

"मंग माज्या तोंडाकडं काय बघतेस? टाक बी."