निळी ज्योत विझेपर्यंत

“कोळशाच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. मग घरात शिरला तर ओळखायचा कसा?” आमच्या विज्ञानाच्या बाई, बुरुलचा एजे (आमच्याकडे बाईंना एजे म्हणतात), यांनी खडू सिर्गाकडे रोखला.

“नाहीच ओळखता येत, एजे,” सिर्गा म्हणाली.

“बरोबर. हे झाले भौतिक गुणधर्म. आता रासायनिक. हा वायू जळतो, निळ्या ज्योतीने. निखारे नुसते लाल झाले म्हणून धुराडं बंद करायला त्यातला पत्रा ढकलायचा नाही. त्यांच्यावर निळं काही नाचतंय तोवर धुराडं उघडं. घाई केलीत, तर तो वायू तुमच्या रक्तात जाणार.”

उदाहरण ठरलेलं होतं. वरच्या आळीतलं एक म्हातारं जोडपं ऊब वाचवायला पत्रा ढकलून झोपलं, ते उठलंच नाही. ‘कारण: अडाणीपणा’ असं एजे फळ्यावर लिहायच्या आणि मुलं ते वहीत उतरवायची. आमच्या नारीन गावातल्या निम्म्या घरांत अशी वही सापडेल. ते जोडपं म्हणजे सिर्गाचे आजी-आजोबा, हे एजेंना ठाऊक होतं. पण विज्ञानात भीडभाड चालत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि एजेंपुढे तोंड उघडायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

“पत्रा असा सरकतो,” म्हणत त्यांनी हात हवेत पुढे नेला, आणि तो तिथेच थांबला.

सकाळी हाच हात असाच सरकला होता.

बाहेर उणे तीस. नवरा, शेरगाजी, तापाने फणफणलेला. एजेंनी त्याच्यावर दोन रजया घातल्या, शेगडीत कोळसा घातला. खिडकीच्या फटी तर हिवाळ्याच्या आधीच कागद चिकटवून बंद केलेल्या. शाळेला उशीर होत होता. निखारे लाल होते, एवढं आठवत होतं. निळं काही होतं का? आठवेना. सासूने नव्या नवरीला शिकवलं होतं, लाल झालं की ढकल, आच काय गावाला वाटायचीय? ती सवय मोडायला एजे सासूशी दोन हिवाळे भांडल्या होत्या. आज हाताने परस्पर सासूचं ऐकलं होतं.

त्यांनी तिथेच शेरगाजीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा नुसताच वाजला.

“एजे, बरं नाही का वाटत?”

एजेंनी खुर्चीवरची शाल ओढली आणि त्या निघाल्या.

दहा मिनिटांचा रस्ता. एजे बर्फावरून पळत होत्या, साठीच्या बाईने पळू नये तशा. त्यांना इतकी भीती कधी वाटली नव्हती. गुणधर्म पाठ असण्याचा काही उपयोग नव्हता, उलट पुढे काय होतं ते क्रमाने आठवत होतं. आधी डोकं दुखतं. मग झोप येते. सगळ्या छपरांवर धूर होता, त्यांच्या छपरावर नव्हता.

“पडाल, एजे! शाळेला आग लागली का?” फावड्याने बर्फ काढणारा शेजारी ताश्तान ओरडला.

त्यांनी दार ढकललं.

“म्हाताऱ्या!”

अंथरूण रिकामं होतं. रजईखाली फोन वाजून वाजून थकला असावा. शेरगाजी डोक्यावर टोपी, अंगावर कोट घालून खिडकीशी स्टुलावर बसला होता. हवेसाठी न चिकटवलेलं वरचं छोटं तावदान सताड उघडं, आणि बोटांत सिगरेट.

“एकच ओढतोय,” तो चोरासारखा म्हणाला. “डोकं ठणकत होतं गं. म्हटलं, ही घरात नाही तोवर ओढून घ्यावी. आता ऊब घालवली म्हणून बोंबलू नकोस.”

एजे शेगडीकडे गेल्या. पत्रा पार आत होता. त्यांनी तो बाहेर ओढला, दार सताड उघडलं. त्या जमिनीवर बसून रडायला लागल्या.

“अगं म्हातारे, एका सिगरेटीसाठी?”

“पत्रा मी ढकलला होता.”

शेरगाजीने शेगडीकडे पाहिलं. मग बायकोकडे.

“तू?” तो म्हणाला.

एजेंनी त्याला धरून ताश्तानच्या घरी नेलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, तावदानाने वाचवलं. सिगरेटीचं कोणी काही बोललं नाही.

शेवटच्या तासाला एजे वर्गात आल्या तेव्हा शाल तशीच डोक्यावर होती. बसल्या नाहीत.

“वह्या काढा. कारण लिहिलंय ना, ते खोडा.”

“अडाणीपणा खोडू?”

“खोडा. आज सकाळी मी पत्रा लवकर ढकलला. मी.” “माझा म्हातारा घरात होता. तो वाचला, पण माझ्यामुळे नाही.”

मागून कोणीतरी विचारलं, “मग काय लिहायचं, एजे?”

एजेंनी खिडकीबाहेर पाहिलं.

“थंडी लिहा.”

वह्यांवर पेनं खरखरली. एजे बाकांमधून चालत सिर्गापाशी थांबल्या. तिच्या वहीत खोडायला काहीच नव्हतं. ‘कारण’पुढची जागा तिने कोरीच ठेवली होती. तिने पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश ‘थंडी’ लिहायला घेतलं.