उताऱ्याचा रकाना

“कोरडं करू नकोस, पोरी. द्रावणातच राहू दे त्याला.”

डेस फायफर हे म्हणाला तेव्हा इमोजेनचं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेपाचला पाळणाघर बंद व्हायचं, आणि तिच्या आठ महिन्यांच्या लेकीला, हेटीला, सकाळपासून कणकण होती. फोन आला नाही म्हणजे ती बरी आहे, की फोन करायला तिथं कुणाला सवड नाही?

“वजन नको घ्यायला? किती माल हाती आला, ते उताऱ्याच्या रकान्यात कसं लिहू मग?”

“अंदाज लिही.”

“तू काच फुंक, डेस. रसायन मी बघते.”

तो हसून दाराकडे वळला. अ‍ॅडलेडच्या त्या प्रयोगशाळेत तीस वर्षं तो काचेची भांडी घडवत होता; असले टोमणे त्याच्या अंगवळणी पडले होते.

कार्बनचे आठ अणू एका रेषेत, एकाआड एक तिहेरी बंध. चार महिने खपून तिने ही साखळी जुळवली होती. टोकांना जपणारी अणूंची जाड टोपणं त्याच दुपारी काढली होती. तशी उघडी साखळी थंडीत, अंधारात, पातळ द्रावणात गुमान राहते. कोरडी पडली की कधी फुटेल याचा नेम नसतो. इमोजेनने हे वाचलेलं होतं. पण रकाना रिकामा दिसत होता.

तिने द्रावक उडवून द्रावण कोरडं केलं. चंबूच्या तळाशी नारिंगी पापुद्रा धरला, कडेने काळवंडू लागला. खरवडायला तिने पोलादी चमचा उचलला, आणि दारातून डेस धावला. जाड पारदर्शक ढाल त्याने तिच्यासमोर रेटली. ती पुरती सरकायच्या आतच चमचा काचेला टेकला होता.

स्फोट झाला. ढालीला चांदणीसारखा तडा गेला. इमोजेनच्या गालावर ओरखडासुद्धा नव्हता. ढालीच्या कडेबाहेर डेसचा डावा कान राहिला होता.

रुग्णवाहिकेत चढवताना तो मोठ्याने विचारत होता, स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येत नव्हता: “हेटीला आणायला कुणी गेलं का?”

हेटी आता चार वर्षांची आहे. टेबलाजवळच्या वहीत उघड्या साखळ्यांपुढे उताऱ्याच्या रकान्यात सगळेच आता एक शब्द लिहितात: ‘द्रावणात’. पुढच्या आठवड्यात इमोजेन नव्या नोकरीसाठी होबार्टला चालली आहे. जाण्याआधी तिने त्या वहीच्या पहिल्या पानावर, नव्याने येणाऱ्यांसाठी, चार नियम लिहिले. लिहून झाल्यावर पेन बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि खाली लिहिलं:

‘हे वाचणाऱ्याला एक विनंती. डेस सेमाफोर उपनगरात एकटा राहतो. उजवा कानही आता दगा देतो, फोनची घंटा ऐकू येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी जा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, त्याला दिसेपर्यंत उभे राहा. तो म्हणेल, माझं ठीक चाललंय. तरी आत जा.’