वाकडेपणा तसाच ठेवा

माझे सासरे कापडाच्या दुकानात नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या बागेत गवंडी व्हायचे. पायऱ्या, बसायचा बाक, वेलाचा मांडव, सगळं त्यांनी स्वतः बांधलेलं. 'आपला हात जगन्नाथ' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या हाताने ओळंबा मात्र कधी धरला नाही. नजर असली की पुरतं, असं त्यांचं मत.

नजर पुरत नव्हती, हे सासूबाईंना पहिल्याच बाकाला कळलं होतं. सासरे कामावर गेले की त्या खऱ्या गवंड्याला बोलवायच्या. तो मांडवाचे खांब पुन्हा रोवायचा, पायऱ्या उकरून पक्क्या करायचा, बाकात सळया घालायचा. सासूबाई शेजारी उभ्या राहून एवढंच सांगायच्या, "वाकडेपणा तसाच ठेवा, नाहीतर ओळखतील." मग नव्या सिमेंटला मातीचं पाणी फासायच्या. संध्याकाळी सासरे त्या बाकावर बसून चहा प्यायचे आणि त्या म्हणायच्या, "तुमच्या हाताला तोड नाही." लग्न होऊन आले तेव्हा हे बघून मला हसू आवरेना. नवरा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप्प बस."

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. सासरे निवृत्त होऊन दिवसभर घरीच असतात. त्यांनी मनावर घेतलं की बागेच्या टोकाला जो मातीचा चढ आहे, त्याला भिंत घालायची आणि तिच्या पायथ्याशी नातीला वाळूत खेळायला जागा करायची. पाया जेमतेम वीतभर. मागचं पाणी निघायला एक भोक नाही. भिंत पुरुषभर उंच झाली आणि महिन्याभरात तिला पोट सुटलं. गवंड्याला बोलवायचं तर कधी? सासरे तिथून हलायचेच नाहीत.

"लेकीला तिकडे जाऊ देऊ नकोस, बाकी बघू," नवरा म्हणाला. त्याचं 'बघू' मी आठ वर्षं बघतेय. सहा वर्षांची पोर आजोबांच्या वाळूपासून लांब ठेवायची म्हणजे दोरीने बांधूनच ठेवावी लागेल.

एका दुपारी ती त्या भिंतीला टेकून बसलेली दिसली. हातात आजोबांची थापी आणि डोक्यावरच्या फटीतून माती भुरुभुरु गळत होती. मी तिला दंडाला धरून इतकं जोरात ओढलं की ती रडायला लागली.

सासरे घमेलं घेऊन आले. मी म्हणाले, "बाबा, ही भिंत गवंड्याला दाखवू या."

"आजवर माझं एक तरी काम पडलंय का? दाखव मला."

खरं तर मी तोंड आवरायला हवं होतं. पण त्या पोरीच्या केसांत माती होती.

"पडलं नाही, कारण आईंनी पडू दिलं नाही," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातोडा आणला आणि बाकाचा कोपरा फोडायला घेतला. बऱ्याच घावांनंतर गंजलेली सळई दिसली. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग पायरीचा दगड उचकटला. खाली पक्कं काँक्रीट होतं.

"मांडव?"

"तोही."

"सगळंच?"

"सगळंच, बाबा."

दुसऱ्या दिवशी गवंड्याने भिंत उतरवली. त्याला हातोडा फारसा लागलाच नाही, विटा हातानेच सुटत होत्या. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलंय. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

सासरे आता बागेत जात नाहीत. शर्ट छान दिसतो म्हटलं तर क्षणभर माझ्या तोंडाकडे बघतात आणि आत जाऊन बदलून येतात. लेक तिची चित्रं आणून विचारते, "आजोबा, छान आहे ना?" तर तिलाही पटकन काही म्हणवत नाही त्यांना. मला त्यांची फार दया येते, आणि ती दाखवायची सोयसुद्धा राहिलेली नाही.

परवा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ते दारात येऊन उभे राहिले.

"एक विचारू का गं?"

"विचारा ना."

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती म्हणाली होती, तुमच्याबरोबर फार सुखात दिवस गेले माझे. तू होतीस तिथे. ते तरी खरं होतं का?"

"खरंच होतं, बाबा," मी लगेच म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते.

त्यांनी मान हलवली.

"तीही असंच लगेच म्हणायची," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत निघून गेले.