टँकरवरचं क्लॅरोनेट

निजामोद्दीन मास्तरांचा वरचा समोरचा दात हलायला लागला, ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नाही. दुसऱ्या कुणाचा दात हलला तर तो चार दिवस भाकरी दुधात कुस्करून खातो आणि एके दिवशी दात काढून मोकळा होतो. मास्तर क्लॅरोनेट वाजवायचे. क्लॅरोनेट वाजवणाऱ्याचे वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकलेले असतात आणि सगळा सूर त्या टेकूवर उभा असतो. टेकू ढिला झाला की वरचा सूर फाटतो. मास्तरांचा फाटायला लागला होता, आणि हे आपल्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही अशी त्यांची समजूत होती.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांच्या बँडचं दुकान होतं. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या बँडवाल्यांची चंगळ झाली होती. उस्मानाबादचं नाव पुसून पाट्यांवर लातूर लिहिलं जात होतं, आज हे कार्यालय उघडतंय, उद्या ते, आणि फीत कापायला पाहुणा आला की बँड पाहिजेच. मास्तरांनी त्या दिवसांत इतकी उद्घाटनं वाजवली की साहेब कुठल्या खात्याचे हे विचारायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. मग उद्घाटनं सरली आणि दुष्काळ लागला. एक वर्ष कोरडं गेलं, पाठोपाठ दुसरंही गेलं. लग्नं व्हायची, पण देवळात दोन्हीकडची घरची माणसं जमवून, हार घालून. वरात कुठली आणि बँड कुठला. मास्तरांचे साथीदार रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. ढोलवाला मडिवाळप्पा तेवढा सवड मिळाली की दुकानात येऊन बसायचा. दोघं वीस-बावीस वर्षं सोबत वाजवत होते.

एका दुपारी मास्तर दुकानात एकटेच बसून पाठवणीची चाल वाजवत होते. ही चाल त्यांची स्वतःची होती. नवरी मांडवातून निघाली की बँड ती वाजवायचा, आणि शेवटी एक लांबलचक वरचा सूर होता, त्यावर बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. त्या दिवशी तो सूर मधेच चिरकला. मास्तरांनी वाद्य खाली ठेवलं. त्यांना वडील आठवले. वडीलही क्लॅरोनेट वाजवायचे, फार गोड वाजवायचे म्हणत. पण ते गोड म्हणजे कसं, हे सांगणारं आता कुणी राहिलं नव्हतं. आपलंही तसंच होणार, वर्षभरात नाहीतर दोन वर्षांत, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या लख्ख दिसलं. आणि दात जायच्या आत आपला सूर कॅसेटीत भरून ठेवायचा, असं त्यांनी मनाशी धरलं.

कामानिमित्त नांदेडला गेले तेव्हा त्यांनी कॅसेटींच्या एका ठोक व्यापाऱ्याची गाठ घेतली. व्यापाऱ्यानं चहा पाजला, ऐकून घेतलं आणि विचारलं, यात शब्द कुठे आहेत? लोक गाणं मागतात, नुसती पिपाणी कोण विकत घेऊन ऐकणार? सिनेमाच्या चाली वाजवत असाल तर बघू, म्हणाला. मास्तर त्याला सलाम करून बाहेर पडले. सिनेमाच्या चाली त्यांनी जन्मभर वाजवल्या होत्या. त्या जपून ठेवायला त्यांची गरज नव्हती.

मग कॅसेट आपणच काढायची असं ठरलं. दुकानात एक जास्तीचा ट्रंपेट पडून होता, तो त्यांनी बिदरच्या एका बँडवाल्याला विकून टाकला आणि खर्चाची जुळणी केली. बेगमबी, म्हणजे मास्तरांची बायको, एवढंच म्हणाली की दुष्काळात लोक घागरी विकत घेऊन राहिलेत, कॅसेट नाही. पण तिनं अडवलं नाही. अडवलं ते मडिवाळप्पानं.

"मास्तर, बँड डबड्यात मावला तर माणसाला कोण बोलवंल?" तो म्हणाला. "एकदा काढली की ती कॅसेट आपल्या जागी वाजंल. आपण बसू खडी फोडत."

बोलणं खरं होतं, हे मास्तरांनाही पटत होतं. दाताचं सांगितलं असतं तर मडिवाळप्पाला कळलं असतं, पण ते त्यांच्या तोंडून निघेना. मडिवाळप्पा दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी ढोलाच्या दोऱ्या आवळून आला आणि नांदेडची बस कधी आहे म्हणून विचारलं.

नांदेडला वजिराबादेत अमृतराव नावाच्या गृहस्थानं घरातल्या एका खोलीला रेकॉर्डिंगची खोली केली होती. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, खिडक्या बंद, आणि पंख्याचा आवाज टेपमध्ये उतरतो म्हणून पंखाही बंद. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला की पुन्हा पहिल्यापासून. मास्तर, मडिवाळप्पा आणि तिघं साथीदार घामानं निथळत दुपारभर वाजवत होते. देवदर्शनाची चाल झाली, वरातीची झाली, पाठवणी शेवटी ठेवली होती. त्या लांब सुरावर मास्तर पोहोचले तेव्हा दातातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. सूर थरथरला, आणि नेमक्या त्या क्षणी मडिवाळप्पाचा ढोल दणादण वाजत वर आला. चाल संपली. मास्तरांनी पाठ फिरवून क्लॅरोनेटच्या तोंडावरचं रक्त रुमालानं पुसलं. अमृतराव मात्र खूश होते, बहारीचं झालं म्हणाले.

 परतीच्या बसमध्ये लोहा गाव मागे पडल्यावर मास्तरांच्यानं राहवेना.

"शेवटच्या सुरावर एवढं कशाला बडवलंस?"

"हात गेला," मडिवाळप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला.  मास्तरांच्या मनात आलं, कॅसेट निघू नये असं याला वाटतंय, म्हणून यानं माझा सूर झाकला. वीस-बावीस वर्षांत त्यांनी मडिवाळप्पाबद्दल असं वाईट कधी मनात आणलं नव्हतं.

कॅसेटी तयार होऊन आल्या. कव्हरवर मास्तरांचा फोटो होता, ओठ घट्ट मिटलेले, आणि खाली पाचही जणांची नावं. आता त्या विकायच्या होत्या, आणि विकणं म्हणजे काय हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. औशाला संगप्पाचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं, त्यानं भलेपणानं गल्ल्याशेजारी एक चळत मांडू दिली. बाकीच्या पिशवीत भरून मास्तर स्वतः हिंडले. उदगीरला एका हॉटेलवाल्यानं एक चहा होईपर्यंत लावली, मग गिऱ्हाईकं गाण्याची मागणी करायला लागली म्हणून काढली. निलंग्याच्या टॉकीजमध्ये खेळ सुरू व्हायच्या आधी लावली, तर आतले लोक शिट्ट्या मारून विचारू लागले, लगीन कुणाचं आहे. मास्तर दाराशी उभे राहून ऐकत होते. पिशवी नेली तेवढ्याच वजनानं घरी आली. बेगमबीनं ती पलंगाखाली सरकवली.

त्या उन्हाळ्यात औसा तालुक्यात गावोगाव टँकर चालू होते. भुजंग नावाचा एक टँकर ड्रायव्हर संगप्पाकडे कर्णा दुरुस्तीला घेऊन आला होता. ट्रकच्या टपावर त्यानं तो बसवून घेतलेला होता, कारण टँकर गावात पोहोचायचा तेव्हा माणसं कामावर पांगलेली असायची, आणि हॉर्न वाजवला तरी कुणाचा ट्रक हे कळत नसे. पाणी विहिरीत ओतून टँकर निघून जायचा आणि उशिरा आलेल्या बायका तळाचा गाळ उपसत बसायच्या. भुजंगची एकुलती एक कॅसेट घासून बाद झाली होती. संगप्पानं समोरची क्लॅरोनेटची काढून दिली. ही लाव, म्हणाला, हिचा आवाज लांब जातो.

मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. महिनाभरानंतर औशाजवळच्या एका खेड्यात ते चुलत बहिणीला भेटायला गेले होते. दुपारची वेळ, ओसरीवर बसून बोलणं चाललं होतं, आणि दूर माळाकडून पाठवणीची चाल ऐकू यायला लागली. मास्तरांना आधी वाटलं आपल्याला भास होतोय. तेवढ्यात गल्लीत एकदम धावाधाव झाली. बायका घागरी, कळशा, तेलाचे डबे घेऊन विहिरीकडे निघाल्या. चुलत बहिणीनंही घागर उचलली आणि बोलणं अर्धवट टाकून निघाली. मास्तर तिच्या मागोमाग गेले.

विहिरीवर टँकर लागला होता. टपावरच्या कर्ण्यातून त्यांचं क्लॅरोनेट वाजत होतं आणि खाली विहिरीत पाण्याचा लोट पडत होता. नीलाबाई नावाची एक म्हातारी दोन घागरी घेऊन मास्तरांच्या शेजारी नंबर लावून उभी होती. तिला त्यांनी विचारलं, हे काय वाजतंय?

"पाण्याची पिपाणी हाय ही," ती म्हणाली. "तीन कोसावरनं ऐकू येती. आता कुणाची घागर रिकामी ऱ्हात न्हाई."

ही पिपाणी माझी, असं मास्तर म्हणाले नाहीत. ते लिंबाच्या सावलीत जाऊन बसले आणि आपलंच वाजवणं, पहिल्यांदाच, दुसऱ्या माणसासारखं ऐकू लागले. चांगलं होतं. त्यांना वाटलं होतं त्याहून चांगलं होतं. मग तो शेवटचा सूर आला, थरथरला, आणि ढोल त्याच्या अंगावर पांघरुणासारखा पडला. चिरक कुठे ऐकूच आली नाही. भुजंगनं कॅसेट उलटी करून लावली. देवदर्शनाच्या चालीत एके ठिकाणी सूर डगमगणार होता, मास्तरांना ठाऊक होतं, आणि तिथेही ढोल चढला. वरातीच्या चालीत दोनदा तसंच झालं. जिथे जिथे दात दगा देणार होता, तिथे तिथे मडिवाळप्पा आधीच येऊन उभा होता. हे एका दिवसात जमणारं नव्हतं.

मास्तर चहालाही थांबले नाहीत. मिळाली ती जीप धरून लातूरला आले आणि थेट मडिवाळप्पाच्या घरी गेले. तो नुकताच खडीच्या कामावरून येऊन हातपाय धूत होता. मास्तर दारातच उभे राहिले.

"तुला कधी कळलं?"

मडिवाळप्पानं कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "अहमदपूरच्या वरातीत. दुष्काळाच्या आधी, तीन वर्षं झाली असतील."

"आणि बोलला न्हाईस?"

"तुम्ही बोलला न्हाई. मग मी कसं बोलू? जिथं सूर जाईल असं वाटायचं, तिथं वाजवायचो. लोक म्हणायचे मडिवाळप्पा आता बेताल झाला. म्हणू दे."

मास्तरांना बसावंसं वाटलं, तसे ते उंबऱ्यावरच बसले. बसमध्ये आपल्या मनात काय आलं होतं तेही त्यांनी सांगून टाकलं. मडिवाळप्पा हसला. म्हणाला, मला कॅसेटीची भीती होती ती होतीच, पण तुमचा सूर त्यात फाटका जायला नको, ही भीती त्याहून मोठी होती. मग त्यानं आतून कॅसेटचं कव्हर आणून दाखवलं. त्याची बायको रत्नम्मा लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण त्यावरचं नवऱ्याचं नाव कुठल्या ओळीत आहे हे तिला पाठ होतं, आणि आल्यागेल्याला ती बोट ठेवून दाखवायची.

तीन वर्षं मास्तरांनी छातीवर धोंडा घेऊन काढली होती. तो उतरला तेव्हा त्यांना आधी रडू आलं, मग भूक लागली. रत्नम्मानं ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. मास्तरांनी भाकरी उजव्या बाजूनं चावून खाल्ली आणि असं खाणं आज पहिल्यांदा लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दात काढून घेतला. शेजारचाही हलत होता, तोही डॉक्टरांनी काढला. बेगमबीला खरं सांगितलं तेव्हा ती चिडली, पण बोळक्या तोंडानं ते सारवासारव करायला लागले तसं तिला हसू फुटलं आणि भांडण तिथंच राहिलं. पलंगाखालची पिशवी तिनंच बाहेर काढली. टँकरचे दुसरे ड्रायव्हर कॅसेट मागत होते, संगप्पाचा निरोप आला होता. पुढे औशाच्या बाजारात लोक येऊन 'पाण्याची पिपाणी' द्या म्हणू लागले. कव्हरवरचं नाव कुणी घेत नसे, पण चाल सगळ्यांना यायची.

मडिवाळप्पाचं म्हणणंही अगदीच खोटं ठरलं नाही. त्या वर्षी संगप्पानं दोन-तीन लग्नांत बँडऐवजी कॅसेटच वाजवली. मास्तरांना वाईट वाटलं, मडिवाळप्पानं मात्र हात झटकले. तसंही त्या लग्नांत आपल्याला कुणी बोलावलं नसतं, म्हणाला.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि सुगीनंतर लग्नांची एकच गर्दी उसळली. पहिलं बोलावणं औशाच्या माणिकप्पा तेलवाल्याच्या मुलीच्या लग्नाचं आलं. त्यानं निरोप दिला होता की बँड कुठलाही नको, टँकरवर वाजायचा तोच पाहिजे. मास्तरांनी कवळी बसवून घेतली होती आणि तीन महिने दुकानात बसून ते नव्या दातांनी क्लॅरोनेटच्या पत्तीवर फुंकायला शिकले होते. वरचा सूर आता पहिल्यासारखा लांबत नव्हता, म्हणून त्यांनी चाल थोडी खाली उतरवून घेतली. पाठवणी झाली. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. माणिकप्पानं जवळ येऊन मात्र तक्रार केली की कॅसेटीतल्यासारखं झालं नाही. मास्तरांनी मान डोलावली आणि मनापासून हसले, नव्या पांढऱ्या दातांनी.

जेवणं उरकून पाचही जण लातूरच्या बसमध्ये चढले. मडिवाळप्पानं ढोल मांडीवर घेतला, मास्तरांनी डोकं खिडकीला टेकलं, आणि औशाची वेस ओलांडायच्या आतच दोघांना गाढ झोप लागली.