समुद्राला वाहिलेलं नाणं

मी प्रवाळ बोलतेय. तुम्ही मला दगड समजाल, फूल समजाल, यमुनाकाकूंनी तर "ही बुरशी आलीये का गं?" असं विचारलं होतं. मी प्राणी आहे. मला तोंडं आहेत, भूक आहे आणि भीती तर भरपूर आहे.

माझा जन्म ब्लेडने झाला. कामणच्या एका गाळ्यात ॲल्रॉय प्रवाळ वाढवून विकतो. त्याने माझ्या आईच्या अंगाचा तुकडा कापला, बटणाएवढ्या चकतीवर चिकटवला आणि पाण्याच्या पिशवीत घालून उन्नतीच्या हातात दिला. फुलपाड्याच्या घरी पोचेपर्यंत रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघी दचकत होतो.

माझ्याआधी उन्नतीने काचेच्या टाकीत नुसतं पाणी सांभाळलं होतं. गाळलेल्या पाण्यात खास मीठ, खाली दगड, वर निळा दिवा. लोणच्यासारखं ते मुरू दिलं. भाऊ चिराग म्हणायचा, "ताई, मासे कुठायत? खाऱ्या पाण्याला काय लाइट दाखवतेस?"

दाराची बेल, कुकरची शिट्टी, पाल, सगळ्याला उन्नती दचकायची. म्हणून तिचं 'नको' घरात कोणी मनावर घेतच नसे. ही काचेची टाकी तेवढी तिच्या म्हणण्यानं चालायची. मी पहिल्यांदा उमलले, तेव्हा काचेला नाक लावून ती पुटपुटली, "जमलं गं मला."

नारळी पौर्णिमेला खाडीकाठच्या घरून यमुनाकाकू आल्या. नारळ, हळदकुंकू आणि एक जुनं तांब्याचं नाणं घेऊन.

"घरात समुद्र आणलाय, त्याला काय वाहायला नको?"

"काकू, नारळ समोर ठेवा. तांबं नको पण. तांब्याने प्रवाळं मरतात."

"अगं, आमी रोज तांब्याचं पानी पितो. आमाला काय झालं?"

"काकू, ही पालीला घाबरते," चिराग म्हणाला. "आता नाण्याला पण!"

सगळे हसले. "बरं बाई, नाही टाकत," आई म्हणाली. उन्नती कामावर गेली आणि आईनेच झाकण उचललं. नाणं दगडामागे जाऊन पडलं. काकूंनी डोळे मिटून हात जोडले. त्यांचा मला राग येत नाही. आईचा येतो, तिने शब्द दिला होता.

आधी टाकीतलं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग माझं अंग आवळत गेलं. उन्नती पाणी बदलायची, मीठ तपासायची, ॲल्रॉयला फोटो पाठवून विचारायची, "माझं काय चुकतंय?" मागे आई चहा घेत उभी असायची. गप्प.

काल दगड उचलताना तिला ते हिरवं पडलेलं नाणं सापडलं.

"आई, हे?"

"काकूंचं मन मोडायचं होतं का मग? आणि एवढ्याशा किड्यांसाठी घर डोक्यावर घेऊ नकोस."

दोन शब्दांपलीकडे उन्नती बोललीही नव्हती. चिराग म्हणाला, "जाऊ दे ना ताई. गोल्डफिश आणू, चिवट असतात ते."

आणि उन्नती म्हणाली, "सॉरी आई. उगाच बोलले."

तांबं आता दगडांतही शिरलंय. माझी तोंडं एकेक करून गळतायत. तुमच्याकडे मी काही मागत नाही. तुम्ही हसणाऱ्यांतले की गप्प उभं राहणाऱ्यांतले, मला काय ठाऊक? मागणं आहे ते उन्नतीकडे. पोरी, तुझं बरोबर होतं. स्वयंपाकघरात आईकडे जा आणि ते सॉरी परत घे.