त्याच्या वाटणीचं

काडी सकाळी उठली, तिनं ओट्यावरच्या ताटाचं झाकण उचललं आणि उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली. रात्रीचा थंडगार भात, वाळत आलेली बटाट्याची भाजी, कडेला दोन उकडलेली अंडी. आधी अंडी, मग बटाटे आणि भात शेवटी, म्हणजे तो पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलता यायचा. चवीचा प्रश्नच नव्हता. गृहपाठ उरकावा तसं ती ते ताट उरकायची.

मग आई यायची. रिकामं ताट बघायची, घासायला घ्यायची, आणि तिचे आखडलेले खांदे जरासे खाली यायचे. त्या जराशासाठीच तर हा सगळा खटाटोप.

ताट दादाचं होतं. दादा धावायचा. चार पोरं धावतात तसं नव्हे. उजाडायच्या आत निघायचा, अंगातून वाफा निघेपर्यंत पळायचा आणि घरी येऊन पातेल्याचा तळ दिसेपर्यंत खायचा. काडी गळ्यात शिट्टी अडकवून सायकलवर त्याच्या बाजूनं. बाबांना ही नुसती थेरं वाटायची. पळून पोट भरत नाही, असं मागच्या वर्षी ते एकदा बोलून गेले, दादा काहीतरी उलट बोलला, शब्दानं शब्द वाढला आणि बाबांनी दाराकडे बोट दाखवलं. दादानं बूट घातले आणि गेला. एकदा कुणाकडून तरी ‘बरा आहे’ एवढाच निरोप आला, पुढे तोही नाही. बाबांनी त्यानंतर त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

आईचा हात मात्र ऐकेना. ती चौघांचंच रांधायची आणि त्याच्या वाटणीचं झाकून ठेवायची, अवेळी आला तर भुकेला असेल म्हणून. सकाळी भरलेलं ताट बघून ती स्टुलावर बसायची ती बसायचीच. एके दिवशी काडीला ते बघवेना. तिनं सगळं ताट चाटूनपुसून साफ केलं. आईनं रिकामं ताट पाहिलं आणि धावत दाराशी गेली, बूट बघायला. बूट नव्हते. परत येऊन तिनं काडीच्या ओठाला लागलेला पिवळा बलक अंगठ्यानं पुसला.

“मीठ कमी नव्हतं ना पडलं?” एवढंच विचारलं. त्या दिवशी ती स्टुलावर बसली नाही.

झालं. तेव्हापासून काडीला ही बिनपगारी नोकरी लागली.

काडी हे नाव दादानंच ठेवलेलं, काडेपेटीतल्या काडीइतकी ती बारीक होती म्हणून. आता शाळेत तिला ‘सिलिंडर’ म्हणत, तोही भरलेला. ती सगळ्यांच्या आधी स्वतःच हसून घ्यायची, म्हणजे बाकीच्यांचं हसणं शिळं व्हायचं. सायकल जिन्याखाली पडून होती. एकटीनं शिट्टी कुणासाठी वाजवायची? शाळेतून आली की ती पलंगावर पडून राहायची. आई घरीच शिवणकाम करायची. काडीच्या स्कर्टची शिवण ती गुपचूप उसवून सैल करायची आणि इस्त्री करून खुर्चीवर ठेवायची. निम्मी गिऱ्हाइकंही तिच्याकडे त्यासाठीच येत. पूर्वी माणसं कपडे आत घ्यायला आणायची, हल्ली सगळी सोडवायला आणतात, असं ती म्हणायची आणि दोरा दातानं तोडायची.

मग एक दिवस मैदानावर दुसऱ्याच फेरीला काडीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खेळाच्या बाईंनी तपासणीची चिठ्ठी हातात दिली. बाबांची सुट्टी होती, तेही दवाखान्यात आले. बाबा गाडी चालवायला शिकवत. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक. बसून बसून पट्टा पोटाखाली घसरला होता, आणि साखरेच्या गोळ्या तर कधीपासूनच्या चालू होत्या.

डॉक्टरीणबाई बोलायला मोकळ्या होत्या. साखर कुंपणावर बसलीय, म्हणाल्या, आता आत उडी मारायची की बाहेर, ते आपल्या हातात आहे. हल्ली अशी पोरं रोज येतात. दिवसभर बसायचं, हातात सतत काहीतरी खायला, पायांना कामच नाही. मग त्यांनी आईला घरातलं जेवण विचारलं. आईनं खरं तेच सांगितलं: मोजकं तेल, गोडाधोडाचं कधीतरी.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली.

“एवढ्यावर एवढं वजन चढत नाही गं. कुणाच्या वाटणीचं खातेस?”

त्या थट्टेनंच बोलल्या होत्या. पण आई पिशवीची चेन लावू लागली, जी लावलेलीच होती. बाबांचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला गेला, समोर कुणी आडवं आल्यासारखा.

रोज सकाळी झपाझप चालायचं आणि फक्त आपल्या ताटातलं खायचं, असं ठरलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी बाबांनाही टोकलं, हे सगळं तुम्हालाही लागू आहे, तुमची साखर काही कुंपणावर नाही. बाबा हो हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे काडी ओट्याकडे न बघताच बाहेर पडली. सगळ्या रस्ताभर तिला आई स्टुलावर बसलेलीच दिसत होती. धापा टाकत ती परत आली, तर ताट धुऊन पालथं घातलेलं, आणि आई कणीक मळत होती. खांदे खाली. काडी दाराशी पळाली. तिथं फक्त बाबांचे बूट होते.

आईनंच खाल्लं असेल किंवा टाकून दिलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत काढली. खोलात शिरायची हिंमत झाली नाही. रोज ती निघायची, रोज ताट धुतलेलं असायचं. हळूहळू चालण्याचं पळणं झालं. पायांत आपलं आपल्यालाच कळेल असं काहीतरी परत आलं. एकदा खुर्चीवर स्कर्ट दिसला, तो आत घेतलेला. सिलिंडर अर्धा झाला, असं वर्गात जाहीर झालं तेव्हा ती खरंखुरं हसली. बाबा मात्र जिन्यात मधेच थांबू लागले होते. बुटांच्या नाड्या खुर्चीत बसूनही बांधता येईनात, आणि एकदा तर त्यांचा पाय सुजून बुटातच जाईना.

मग एके पहाटे फाटकापर्यंत गेलेली काडी पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली.

स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते. अंडी संपली होती, बटाटे संपले होते. थंड भाताचे मोठे मोठे घास ते पाण्याबरोबर खाली ढकलत होते.

चाहूल लागली तसे ते वळले. तोंड भरलेलं होतं. गिळायला वेळ लागला.

“बाबा, तुमची साखर…”

“तू खाल्लंस इतके दिवस,” ते हळू आवाजात म्हणाले. “जा तू. चालायची वेळ जाईल.”

ती गेली नाही. त्यांनी तिच्यादेखतच राहिलेला भात संपवला, ताट विसळलं आणि डोळे ओल्या हातानं नव्हे, बाहीनं पुसले.

दिवसभर काडीचं वर्गात लक्ष नव्हतं. संध्याकाळी आई पानं वाढायला बसली. तिघांची ताटं वाढून झाली आणि भाताचा मोठा चमचा चौथ्या ताटात रिकामा झाला.

“आई, दादाचं नको वाढूस.”

आईचा हात अधांतरी थांबला. तिनं आधी काडीकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी मान वर केली नाही.

“आणि आला तर?”

“आला तर मी उठून करीन. गरम गरम. त्याला शिळं कशाला द्यायचं?”

मग आईनं चौथं ताट पुढ्यात ओढलं आणि भात चमचा चमचा करत परत पातेल्यात घातला. ताटाला चिकटलेली शितं बोटानं निपटून काढली. ताट उचलून फडताळात ठेवलं आणि जेवायला बसली, पण जेवली नाही.

सकाळी ओटा मोकळा होता. आई त्याच्यासमोर स्टुलावर बसली होती, मांडीवर दोन्ही हात, पहिल्या दिवसांत बसायची तशीच. काडीचा पाय उंबऱ्यावर अडला. तिला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

तेवढ्यात मागून बाबा आले. ते बूट हातात घेऊन उभे होते. काडीनं खाली वाकून ते त्यांच्या पायांत चढवले आणि नाड्या बांधल्या. दोघं बाहेर पडली.

कोपऱ्यापर्यंतच बाबांना धाप लागली. विजेच्या खांबाला हात टेकून ते थांबले. समोर लांबलचक रस्ता अजून अर्धवट अंधारात होता.

“तो कुठपर्यंत जायचा गं?” त्यांनी विचारलं.

काडीनं दूरवर बोट दाखवलं, रस्ता टेकडीमागे दिसेनासा होत होता तिथं.

“त्याच्याही पुढे.”

बाबा तिकडे बघत राहिले. धाप ओसरल्यावर त्यांनी खांबावरचा हात काढला.